कंट्री गायकांची वाक्यं: खरी कशी ओळखावीत, मराठीत कशी आणावीत

भाषणासाठी, निवेदनासाठी किंवा वहीत टिपून ठेवायला कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण परंपरेतून आलेल्या संगीताच्या, गायकाचं एखादं वाक्य उचलायचं असेल, तर आधी एवढंच विचारा: हे तो बोलला होता की गायला होता? बहुतेक घोळ इथेच होतो. उगम शोधणं, मराठी करणं, नाव-साल लावणं हे सगळं त्यानंतर.

बोललेलं की गायलेलं

कंट्रीत गाणारा एक आणि लिहिणारा दुसरा, हे सर्रास चालतं. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरात गाणी लिहिणं हा स्वतंत्र, पूर्णवेळ धंदा आहे. पत्त्यांच्या डावावरून आयुष्य शिकवणारं ‘द गॅम्बलर’ १९७८ मध्ये केनी रॉजर्सच्या आवाजात गाजलं आणि त्यातला सल्ला त्याच्याच नावावर जमा झाला; लिहिलं होतं डॉन श्लिट्झने. ‘हम्बल अँड काइंड’मधला उपदेश टिम मॅकग्रॉच्या फोटोखाली फिरतो, तो लोरी मकेनाचा आहे. ‘मी अँड बॉबी मॅगी’मधली स्वातंत्र्याबद्दलची ओळ जॅनिस जॉप्लिनला इतकी घट्ट चिकटली आहे, की ती क्रिस क्रिस्टॉफरसनची (जोडीला फ्रेड फॉस्टरचं नाव) आणि जॉप्लिनच्या आधी १९६९ मध्ये रॉजर मिलरने गायलेली, असं सांगितलं तर लोक वाद घालतात. जॉनी कॅशच्या उतारवयाचा अर्क म्हणून ‘हर्ट’मधली ओळ दिली जाते. ते गाणं ट्रेंट रेझ्नरचं. त्याच्या नाइन इंच नेल्स या रॉक बँडने ते १९९४ मध्ये काढलं, कॅशने २००२ मध्ये.

अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं आणि कर्ता कळतो (खोटे ‘तुका म्हणे’ही पुष्कळ आहेत, पण तो विषय वेगळा). कंट्री गाण्यात अशी मुद्रा नसते. ती सापडते तबकडीवर: मधल्या गोल कागदावर गाण्याच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरात जी आडनावं असतात, ती लिहिणाऱ्यांची. तबकडी नसेल तर स्ट्रीमिंग ॲपमध्ये त्या गाण्याचे क्रेडिट्स उघडा. तिथली माहिती अर्धवट वाटली, तर आस्कॅप आणि बीएमआय या दोन अमेरिकी हक्कसंस्थांनी मिळून सुरू केलेल्या ‘साँगव्ह्यू’ या गाण्यांच्या माहितीसाठ्यात शोधा. तिथे गाण्याच्या नावासोबत गायकाचंही नाव टाका. एकाच नावाची ढीगभर गाणी असतात आणि पहिलं दिसेल तेच आपलं, असं समजून चूक होते.

गायकाने स्वतः लिहिलेलं असलं तरी आणखी एक फट राहते. गाण्यात पात्र बोलत असतं. ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’मधला खुनी म्हणजे कॅश नव्हे, कॅशने तुरुंगात शिक्षा कधी भोगलीच नाही, तो तिथे कार्यक्रम करायला जायचा. अशा ओळीला ‘कॅश म्हणतो’ लावलं की अर्थ पार बिघडतो. ‘कॅशच्या गाण्यातला कैदी म्हणतो’ असं लिहा.

उगम शोधताना

शोध मूळ इंग्रजीतच घ्या. वाक्यातले सगळ्यात वेगळे चार-पाच शब्द अवतरणचिन्हांत टाका आणि तारखेची गाळणी लावून २००० पूर्वीचं काय मिळतं ते आधी पाहा. मग जुनी पुस्तकं आणि मासिकांच्या संग्रहात तोच शोध. विकिकोटवर (विकिपीडियाचं वचनांसाठीचं भावंड) गायकाच्या पानावर ‘वादग्रस्त’ किंवा ‘चुकीने नावावर’ असा वेगळा भाग असेल, तर तो आधी वाचा. पुष्कळदा काम तिथेच संपतं.

पुरावा म्हणून धरायचं ते तारीख असलेली मुलाखत, ध्वनिमुद्रण, आत्मचरित्र, पत्र. कॅलेंडर, फोटोवर छापलेलं वचन आणि वचनांचीच संकेतस्थळं यांची किंमत शून्य, कारण ती एकमेकांची नक्कल करतात. पन्नास ठिकाणी दिसलं म्हणजे पन्नास साक्षीदार झाले असं होत नाही. आत्मचरित्राबाबत एक बारकावा: ते बहुधा कुणीतरी शब्दांकित केलेलं असतं. लोरेटा लिनचं १९७६ चं आत्मचरित्र जॉर्ज व्हेक्सी या पत्रकाराच्या साथीने झालं. ते चालतं, फक्त ‘मुलाखतीत म्हणाली’ न लिहिता ‘आत्मचरित्रात म्हणते’ असं लिहा.

काही वाक्यं संशयाने पाहायची सवय लावून घ्या. ‘वाऱ्याची दिशा बदलता येत नाही, शीड वळवता येतं’ या अर्थाचं वाक्य डॉली पार्टनच्या नावे चालतं आणि आणखी चार-पाच जणांच्याही. पहिल्या पक्ष्याला अळी पण दुसऱ्या उंदराला चीज (पहिला सापळ्यात अडकतो), हा विनोद विली नेल्सनच्या खात्यावर टाकतात. तोही अनेकांच्या खात्यावर आहे. प्रतिमा गायकाच्या मुलखातली आहे का हे पाहिलं की निदान शंका तरी येते. डॉली टेनेसीच्या डोंगरातली; तिच्या तोंडी शिडाची होडी जरा परकी वाटते. एवढ्यावरून निकाल देऊ नका, पण शोध तिथून सुरू करा.

उलटही घडतं. तुमच्या कृतीमुळे इतरांना जास्त स्वप्नं पाहावीशी, जास्त शिकावंसं वाटलं तर तुम्ही उत्तम नेते, अशा आशयाचं वाक्य अमेरिकेचे सहावे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या नावे फिरतं. ते १९९७ च्या एका संकलनात छापलं गेलं, डॉली पार्टनच्या नावाने. भारदस्त वाक्य दिसलं की ते भारदस्त माणसाला देऊन टाकायची ओढ असते, आणि त्यात मरण होतं ते गायिकेचं.

‘तीन कॉर्ड (गिटारवर एकदम छेडायचे स्वरांचे गट) आणि सत्य’ ही कंट्रीची व्याख्या हार्लन हॉवर्ड या गीतकाराची मानली जाते. यू-टू या रॉक बँडच्या बोनोने ते शब्द १९८८ च्या अल्बममध्ये एका जुन्या गाण्यात घातले, तेव्हापासून ते त्याचेही झाले.

शेपूट कापू नका

लोरेटा लिनचं वाक्य दोन रूपांत मिळतं: या धंद्यात पहिलं, उत्तम किंवा वेगळं असावं लागतं, आणि दुसऱ्या रूपात ‘उत्तम’च्या जागी ‘थोर’. शब्दाचा हा फरक टिपून ठेवा, पण खरी गंमत पुढच्या वाक्यात आहे, जे कापलं जातं. बायका जे जगतात ते तसंच गात नॅशव्हिलमध्ये शिरणारी पहिली मीच, असं ती पुढे सांगते. ते ठेवलं की हा यशाचा फॉर्म्युला उरत नाही, एका बाईचा हिशेब होतो. तिचं गर्भनिरोधक गोळीवरचं ‘द पिल’ १९७५ मध्ये अनेक रेडिओ केंद्रांनी वाजवायला नकार दिला होता, हे माहीत असेल तर त्या ‘पहिली’ला आणखी वजन येतं. म्हणून वाक्य टिपताना आधीची दोन आणि नंतरची दोन वाक्यंही उतरवून घ्या.

मराठी करताना

हँक विल्यम्स घ्या. ‘नेशन्स बिझनेस’ मासिकाच्या फेब्रुवारी १९५३ च्या अंकात रूफस जार्मनच्या लेखात त्याचं म्हणणं आलं. हँक १ जानेवारीलाच गेला होता. (मृत्यूनंतर छापलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका, मुलाखत आधी झालेली असते.) त्यात तो म्हणतो, हिलबिलीसारखं गायचं तर आधी खेचराच्या शेणाचा वास पुष्कळ घेतलेला असावा लागतो. आता इथे ‘शेण’ चुकलं. शेण गाई-म्हशीचं, घोड्या-गाढवा-खेचराची ती लीद. ‘खत’ तर अजूनच वाईट, कारण त्याने वाक्य कृषिखात्याच्या पत्रकासारखं होतं. ‘हिलबिली’ला ‘ग्रामीण गायक’ करू नका. तो शब्द शहरी माणसाने दिलेली शिवी आहे आणि हँक ती स्वतःच पदकासारखी छातीवर लावतो. ‘गावंढळ’ जवळ जातो. तर: ‘आमच्यासारखं गावंढळ गायचं ना, तर आधी खेचराच्या लिदीत बरीच वर्षं नाक घालावं लागतं.’ ‘बरीच वर्षं’ हे मूळात नाही, ‘पुष्कळ’ आहे. छापायचं असेल तर काढा, बोलताना चालेल.

डॉलीच्या ‘इट कॉस्ट्स अ लॉट ऑफ मनी टू लुक धिस चीप’ या गाजलेल्या वाक्यात सगळा खेळ ‘चीप’ या एका शब्दावर आहे: कमी किमतीचं आणि सवंग, दोन्ही. ‘सवंग दिसायला खूप पैसे लागतात’ म्हटलं की निम्मा विनोद मेला. ‘इतकं स्वस्तातलं दिसायला मला फार महाग पडतं’ यात स्वस्त-महाग समोरासमोर येतात आणि ‘स्वस्तातलं’मध्ये भडकपणाची छटाही राहते. कोटी असेल तिथे नियम हाच: मराठीत ज्या जोडीवर टोला बसेल ती जोडी आधी शोधा, बाकीचं वाक्य तिच्याभोवती बांधा.

‘तीन कॉर्ड’मधल्या ‘सत्य’लाही जपून हात लावा. ‘सत्य’ म्हटलं की प्रवचन ऐकू येतं. ‘तीन कॉर्ड आणि खरं काय ते’ हे हॉवर्डच्या धंद्याला जास्त शोभतं. कॉर्डला मात्र मराठी शब्द शोधत बसू नका. गिटार धरणारा प्रत्येक जण कॉर्डच म्हणतो. ते तीन म्हणजे पट्टीतल्या पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या स्वरावरचे, उदाहरणार्थ जी, सी आणि डी.

मूळ बोली अशुद्ध असते, दुहेरी नकार वगैरे. त्याच्या जागी मराठीतल्या एखाद्या प्रदेशाची बोली घालायचा मोह होईल. टाळा. ऐकणारा लगेच त्या जिल्ह्यात जाऊन पोहोचतो आणि गायकाचा मूळ मुलूख, म्हणजे लोरेटाचं केंटकी वगैरे, हरवतो. साधी, तुटक, तोंडी मराठी पुरते.

टिपण आणि वापर

एका वाक्याला एक कार्ड: मूळ इंग्रजी जसंच्या तसं, बोलणारा, लिहिणारा वेगळा असेल तर तो, ठिकाण आणि साल, आजूबाजूची वाक्यं, आपलं मराठी. साल मिळालं नाही तर जागा रिकामी सोडा, अंदाजाने भरू नका. गाण्याची ओळ छापायची असेल तर हक्क गीतकाराचे किंवा प्रकाशकाचे असतात, परवानगी त्यांच्याकडून घ्यावी लागते. गाणाऱ्याने हो म्हटलं तरी भागत नाही.

मंचावर बोलताना नाव आधी, वाक्य नंतर. ‘…फार महाग पडतं’ यावर लोक हसायला लागतात, नेमकं तेव्हा ‘असं डॉली पार्टन म्हणाली होती’ जोडलं तर हशा त्या नावाखाली दबतो. शेवटचा शब्द झाला की थांबा, पुढचं वाक्य हशा ओसरल्यावर.