फॉरवर्ड व्हायचंय? आधी वेळेत बेंचवर यायला शिका

व्यावसायिक आइस हॉकीत फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचा खेळाडू, म्हणून मी नऊ हंगाम काढले, जवळजवळ सगळे दुसऱ्या-तिसऱ्या स्तरावर. त्यामुळे इथे चषकांच्या गोष्टी नाहीत. वरच्या दारात उभं राहून आत काय चालतं, एवढं मात्र नीट पाहिलंय.

पहिली गोष्ट म्हणजे ड्रेसिंग रूममधला प्रत्येक फॉरवर्ड आपापल्या ज्युनियर संघात सगळ्यात जास्त गोल करणारा असतो. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये, एका सामन्यासाठी साधारण 12 फॉरवर्ड तयार होतात, तिघातिघांच्या चार लाइन. गोलांची अपेक्षा मुख्यतः पहिल्या दोन लाइनकडून. उरलेल्या सहा जागा दुसऱ्याच कामाच्या असतात आणि नव्या पोराला जागा मिळालीच तर बहुधा तिथेच मिळते. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

एक शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरून परत बेंचवर येईपर्यंतचा वेळ, साधारण 45 सेकंदांची. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पूर्ण जोर लावलात तर तेवढ्यात पाय शिसं होतात. माझ्या पहिल्याच कॅम्पमधला सराव सामना, तीनपैकी दुसरा पीरियड. या पीरियडमध्ये संघांच्या बाजू बदललेल्या असतात, म्हणून आपला गोलपोस्ट आपल्या बेंचपासून लांब पडतो. मध्यरेषेजवळ पक (खेळायची रबरी चकती) माझ्याकडे आला. बेंच दहा पावलांवर होता. पक पलीकडच्या कोपऱ्यात टाकून उतरायचं होतं, पण म्हटलं, एक चाल होईल. झाली नाही. पक गेला, समोरचे तिघे सुटले आणि मी मागे धावतोय असं फक्त मलाच वाटत होतं. गोल झाला. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ बघताना कोच ओरडले नाहीत. चित्र थांबवून एवढंच म्हणाले, "एक मिनिट अठरा सेकंद." आणि पुढची क्लिप लावली.

विंगरचं, म्हणजे कडेनं खेळणाऱ्या फॉरवर्डचं, खरं पाणी जोखलं जातं ते आपल्याच टोकाला, बोर्डला (मैदानाभोवतीच्या भिंतीला) चिकटून. बचावपटू पक बोर्डवरून घुमवून पाठवतो, तुमची पाठ मैदानाकडे आणि समोरच्या संघाचा बचावपटू तुम्हाला चिरडायला खाली उतरलेला. पक यायच्या आधी मान वळवून बघा, आल्यावर नाही. स्केट बोर्डला लावून पक अडवा, अंग मध्ये घाला आणि काही सुचलं नाही तर बोर्डवरूनच आपल्या टोकाच्या हद्दीवरच्या निळ्या रेषेपलीकडे ढकला. प्रेक्षकांना यात काही दिसत नाही, पण आपल्या बेंचवरची मंडळी स्टिका बोर्डवर आपटतात. ती दाद मला गोलाइतकीच आवडायला लागली, हे खरं सांगतो.

सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, असाल तर फेसऑफवर मेहनत घ्या; दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करतात, तो फेसऑफ. एनएचएलच्या नियमाप्रमाणे आपल्या टोकाच्या फेसऑफला बचाव करणाऱ्यानं स्टिक आधी टेकवायची असते, म्हणजे तेवढा फायदा समोरच्याला. मी नजर पक टाकणाऱ्या लाइन्समनच्या हातावर ठेवायचो आणि समोरच्याची पकड डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचो. उजव्या हातानं खेळणारा चांगला सेंटर असलात तर भाव आणखी वाढतो, कारण असे मुळात कमीच.

आता ड्राफ्ट, म्हणजे एनएचएल संघांनी नवे खेळाडू निवडायची वार्षिक प्रक्रिया. सात फेऱ्या, 32 संघ, म्हणजे वर्षाला साधारण 224 नावं. नाव आलं नाही की सगळे मार्टिन सेंट लुईचं उदाहरण देतात. तो ड्राफ्ट झाला नव्हता, पहिल्या संघानं सोडून दिला, तरी 2004 मध्ये गुणांच्या यादीत पहिला आला, त्याच वर्षी एनएचएलचा स्टॅनली कप जिंकला आणि 2018 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. सगळं खरं. पण उदाहरण पुन्हापुन्हा त्याचंच द्यावं लागतं, यावरूनच काय ते समजा.

करार वाचताना पोरं वरचा आकडा बघतात. टू-वे करारात आकडे दोन असतात: एनएचएल संघात असाल त्या दिवसांचा एक आणि खालच्या लीगमध्ये असाल तेव्हाचा दुसरा, बराच लहान. घराचं भाडं ठरवताना दुसराच धरा. वर्षाची किमान हमी लिहिली आहे का, हे एजंटला तोंडावर विचारा. मी लाजलो आणि एक हंगाम उसनवारीत गेला.

डोक्याला मार बसला तर लपवू नका. जागा जाईल या भीतीनं मी एकदा गप्प बसलो. नंतर तीन आठवडे दिवा लावला तरी डोळ्यांना सहन होत नव्हतं.

वरच्या संघाकडून मला एकदाच फोन आला, रात्री साडेदहाला. कुणीतरी जखमी झालं होतं, सकाळचं विमान. चौथी लाइन, अख्ख्या सामन्यात सात शिफ्ट, गोलावर एकही फटका नाही. तिसऱ्या पीरियडमध्ये आम्ही एका गोलानं पुढे असताना पेनल्टी किलसाठी, म्हणजे शिक्षेमुळे आमचा एक खेळाडू कमी असताना बचाव करायला, कोचनी माझं नाव घेतलं. पक मिळाला, सरळ पलीकडच्या टोकाला मारला आणि मागे न बघता बेंचकडे वळलो. आणखी तीन सामने ठेवलं त्यांनी मला, मग तो जखमी खेळाडू परत आला.