कमी खर्चात रोड बाइकचे भाग कसे बदलावेत

पैसे मोजकेच असतील तर आधी झिजलेले भाग बदला, मग टायर. गिअर, शिफ्टर (गिअर बदलायचा खटका), क्रँक (पेडलचा दांडा) असा सगळा संच बदलायचा मोह टाळा. तेवढ्या पैशांत बहुतेकदा चांगल्या अवस्थेतली दुसरी जुनी सायकलच मिळते.

१. सायकल धुऊन चेन मोजा. १२ इंची स्टीलची पट्टी चेनवर ठेवा आणि शून्याची रेघ एका पिनच्या मधोमध धरा. चेन नवी असेल तर १२ इंचांची रेघही पिनच्या मधोमध येते. पिन १/१६ इंच पुढे गेली असेल, तर चेन लगेच बदला. १/८ इंच गेली असेल तर कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संचही, खराब झालेली असते. तिच्यावर नवी चेन जोर लावला की दातांवरून घसरते. म्हणूनच चेन वेळेवर बदलणं ही सगळ्यात मोठी बचत. स्वस्त चेन वेळच्या वेळी बदलत राहिलात तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन आरामात निघतात.

नवी चेन घेताना मागच्या चकत्या मोजा. ८, ९, १०, ११ यांच्या चेन वेगवेगळ्या असतात. जुनी चेन कापण्याआधी तिच्या कड्या मोजून ठेवा. कॅसेट घ्यावीच लागली तर तेवढ्याच चकत्यांची खालच्या श्रेणीतली घ्या. ती थोडी जड असते, काम तेच करते.

२. ब्रेक पॅड पाहा. खाचा बुजल्या असतील तर पॅड बदला. रबरात रुतलेले धातूचे कण टाचणीने उकरून काढा, नाहीतर ते रिम खरवडतात. फक्त रबर बदलता येणारे पॅड पुढे स्वस्त पडतात.

३. टायर. चालवण्यातला फरक सगळ्यात जास्त इथे जाणवतो, म्हणून उरलेले पैसे खुशाल इथे घाला. २५ मिमीऐवजी २८ मिमीचा मऊ, लवचिक टायर घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा. हादरे कमी होतात, पकड वाढते. त्याआधी फ्रेम, फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभंगलेला भाग) आणि ब्रेकखाली पुरेशी जागा आहे का ते बघा. टायरच्या बाजूवर २८-६२२ असं काही छापलेलं असतं. त्यातला ६२२ हा आकडा तुमच्या रिमशी जुळलाच पाहिजे.

४. केबल. गिअर जड पडत असतील तर डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) बदलण्याआधी आतली तार आणि बाहेरचं आवरण दोन्ही बदला. गिअरचं आवरण ब्रेकला कधीही लावू नका. त्यातल्या तारा सरळ, लांबीच्या दिशेने असतात. ब्रेकच्या ताणाने ते फाटू शकतं.

५. वापरलेले भाग. डिरेलर, शिफ्टर, सॅडल जुने घ्यायला हरकत नाही, पण शिफ्टरचा प्रत्येक गिअर हाताने टाकून पाहा. जुनी चेन घेऊ नका. कार्बनचा फोर्क किंवा हँडलबार तर मुळीच नको, कारण आतली चीर बाहेरून दिसत नाही.