परदेशातल्या मुलांना व्हीलचेअर पुरवताना: छोट्या संस्थांसाठी

चार-पाच स्वयंसेवक, मोजके देणगीदार आणि दुसऱ्या देशातल्या एखाद्या केंद्राशी ओळख, एवढ्यावर चालणाऱ्या संस्था बहुतेक वेळा जुन्या व्हीलचेअर गोळा करायला लागतात. सुरुवात मापांपासून करा. रुग्णालयात पेशंटची ने-आण करायला असते ती घडीची खुर्ची मोठ्यांच्या मापाची असते. तिची बैठक साधारण १८ इंच, म्हणजे ४६ सेंटिमीटर रुंद. सहा वर्षांचं मूल त्यात बसवलं की एका बाजूला कलंडतं, पाय लोंबकळत राहतात, हात चाकांपर्यंत पोचत नाहीत. अशी खुर्ची फुकट मिळाली तरी घेऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या मार्गदर्शक पुस्तिकेत व्हीलचेअर सेवेचे आठ टप्पे दिले आहेत: नोंदणी, तपासणी, खुर्चीची निवड, पैशांची सोय व मागणी, जुळणी, मुलाला बसवून बघणं, वापराचं शिक्षण आणि नंतरची देखभाल. खुर्ची पोचवणं हे यातलं मधलं काम आहे. तुमचा तिथला भागीदार तपासणी, बसवून बघणं आणि देखभाल करू शकत नसेल, तर पहिलं वर्ष त्याच्या माणसांच्या प्रशिक्षणावर खर्च करा. देणगीदारांना हे पटवणं जड जातं, कारण प्रशिक्षणाचा फोटो खुर्चीच्या फोटोइतका बोलका नसतो.

मापं

मुलाला कडक, सपाट बाकावर बसवा, पाय टेकलेले हवेत. टेप अंगाभोवती वळवून माप घेतलं की ते हमखास जास्त येतं. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठ्याच्या वह्या उभ्या धरा आणि त्यांच्यामधलं अंतर मोजा.

कमरेची, म्हणजे सर्वांत रुंद भागाची जेवढी रुंदी, तेवढीच बैठकीची. ‘मूल वाढेल’ म्हणून मोठी खुर्ची द्यायचा मोह होतो. वाढीसाठी जागा ठेवायचीच असेल तर बाजूला काढता येतील अशा फोमच्या पट्ट्या बसवा.

बैठकीची खोली मोजायला पाठीमागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या लवणेपर्यंतचं अंतर घ्या आणि त्यातून ३ ते ६ सेंटिमीटर वजा करा. दोन्ही पाय मोजा. फरक असेल तर आखूड पाय धरा. बैठक जास्त खोल असेल तर तिची कड पोटरीला टोचते, मूल पुढे सरकतं आणि माकडहाडावर बसायला लागतं. ‘सारखं घसरतंय’ ही तक्रार आली की पट्टा आवळण्याआधी ही खोली तपासा.

पायपट्टीची उंची लवणेपासून टाचेपर्यंतच्या मापावरून ठरते. रोजचे बूट किंवा स्प्लिंट (पायाला आधार देणारा साचा) घालूनच मोजा आणि गादीची जाडी हिशेबात धरा. पाठीचा टेका, मूल स्वतः चाकं फिरवत असेल तर खांद्याच्या पात्याच्या खाली संपावा. धड सावरता येत नसेल तर उंच हवा.

कमरेचा पट्टा मांड्यांच्या मुळाशी, साधारण ४५ अंशांत खाली-मागे ओढलेला असावा. पोटावर बांधला तर मूल खाली घसरतं आणि पट्टा छातीवर, मग गळ्याशी येतो. हा जिवाचा धोका आहे.

गादी आणि दाब

स्पायना बिफिडा (जन्मतः मणका नीट न जुळलेला असणं) किंवा मणक्याची इजा असलेल्या मुलाला पार्श्वभागात बहुधा संवेदना नसतात, त्यामुळे टोचलेलं कळत नाही आणि जखम होते. गादीशिवाय खुर्ची देऊच नका. मूल बसल्यावर दाब असा बघा: तळहात वर करून बोटं मुलाच्या बैठकीच्या हाडाखाली सरकवा. बोटांची टोकं पाचेक मिलिमीटर खाली-वर हलत असतील तर ठीक. हलत नाहीत पण हात सहज निघतो, तर सावध व्हा. बोटं दाबून अडकली, तर ती गादी चालणार नाही. मग हाडांखालच्या फोमला खोलगट जागा कापा किंवा जाडी वाढवा. पायपट्टी जास्त वर आहे का तेही बघा. गुडघे वर उचलले गेले की सगळा भार मागच्या हाडांवर येतो. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा.

आईला रोज संध्याकाळी त्वचा बघायला शिकवा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर तो जाईपर्यंत मुलाला त्या जागेवर बसवायचं नाही. गादीचं कव्हर धुता येणारं हवं, त्याखाली पाणी न शिरणारं अस्तर हवं. लघवी मुरलेला फोम लवकर बसतो. म्हणून प्रत्येक मुलामागे एक जादा गादी पाठवा.

सुटे भाग

इथे फसगत होते ती टायरची. व्हीलचेअरचं २४ इंची चाक आणि सायकलचं २४ इंची चाक नावाला सारखं, पण टायरच्या कडेवर बघा: व्हीलचेअरवर बहुधा ५४० आणि लहान माउंटन सायकलवर ५०७ छापलेलं असतं. हा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. ५०७ चं टायर ५४० च्या रिमवर चढत नाही. तिथल्या सायकल दुकानात कुठला आकडा मिळतो ते आधी विचारा आणि त्याप्रमाणे चाकं निवडा.

हवा कमी झाली की ब्रेकही जातो, कारण ब्रेकची पट्टी टायरवर दाबून बसते आणि टायर बसला की ती नुसती टेकते. त्यामुळे ब्रेकची तक्रार आली की आधी पंप हातात घ्या. पुढची बारीक, टणक चाकं फरशीवर छान पळतात, वाळूत आणि खडीत रुततात. कच्च्या रस्त्यासाठी रुंद, ८ इंची चाकं बरी. दर दहा खुर्च्यांमागे ट्यूब, पुढच्या चाकांची बेअरिंग, स्पोक, ब्रेकचे संच आणि अ‍ॅलन कीचा एक संच तरी ठेवा. खुर्चीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढा. आमच्या मते याहून कमी ठेवणं म्हणजे दुसऱ्या वर्षी अंगणात पडलेल्या खुर्च्या बघायची तयारी.

कस्टम्स

माल निघण्याआधी शुल्कमाफीचं पत्र हातात हवं. बंदरात माल अडकला की तो ठेवायचे मोफत दिवस संपल्यावर रोजचं भाडं चढत जातं. अपंगांच्या वाहनांचा कस्टम्स क्रमांक ८७१३, त्यांच्या सुट्या भागांचा ८७१४.२०. १९७६ च्या नैरोबी प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात अपंगांसाठीच्या वस्तूंना आयात शुल्कात सवलतीची तरतूद आहे. समोरचा देश त्यात सामील आहे का ते भागीदाराकडून तपासून घ्या. माल ज्याच्या नावे जातो ती संस्था तिथे नोंदणीकृत असावी. माल रचायच्या लाकडी चौकटीवर (पॅलेटवर) आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का बघा.

दिल्यानंतर

पहिली भेट महिन्याभरात, मग दर सहा महिन्यांनी. दर वेळी मापं पुन्हा घ्यायची. मुलाचा फोटो वापरायचा तर पालकांची लेखी संमती घ्या, शक्य तिथे मुलालाही विचारा, आणि फोटोसोबत गावाचं नाव देऊ नका. लहान झालेली खुर्ची केंद्रात परत मागवा. ती साबणाने धुवा, बेअरिंग आणि फ्रेमचे जोड तपासा, गादी मात्र नवीच घाला, आणि पुढच्या मुलासाठी सगळी मापं नव्याने घ्या.