मुलांना रात्रभर घरी एकटं ठेवताय? या चुका टाळा

गावाकडून फोन येतो, कुणीतरी गेलेलं असतं. किंवा घरातलं लग्न नेमकं घटक चाचणीच्या आठवड्यात येतं. मग जेवताना विषय निघतो, "राहील ना तो एकटा? एका रात्रीचा तर प्रश्न आहे." आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असंच झालं. मुलाला १६ पूर्ण झाली होती, तो नुकताच अकरावीत गेला होता. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धासाठी आम्हाला साताऱ्याजवळच्या गावी जायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रॅक्टिकल होतं. त्याला पुण्यात ठेवून आम्ही गेलो.

पहाटे पाचला परत आलो, तर दार उघडेना. लॅचची किल्ली आमच्याकडे होती, पण आतून वरची कडी लावलेली. बेल वाजेना, फोन वाजून वाजून बंद होत होता. त्या दारासमोर आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. त्या वेळात आईबापाच्या मनात काय काय येतं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांच्या बाल्कनीतून काठीने त्याच्या खिडकीवर ठकठक केली, तेव्हा तो डोळे चोळत आला.

आपल्याकडे यासाठी वय ठरवून देणारा कायदा नाही. बाल न्याय कायद्याप्रमाणे १८ पूर्ण होईपर्यंत ते मूलच असतं आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केल्याची जबाबदारी पालकांवर येऊ शकते. ब्रिटनच्या कायद्यातही वयाचा आकडा नाही, पण मुलांसाठी काम करणारी तिथली एनएसपीसीसी ही संस्था १६ वर्षांखालच्या मुलांना रात्रभर एकटं ठेवू नका, असं स्पष्ट सांगते. मला ती रेघ पटते. पण १६ पूर्ण झाली म्हणजे मूल तयार झालं असं होत नाही, हे आम्ही त्या दारात उभं राहून शिकलो.

"खूप समंजस आहे हो" एवढ्यावर ठरवणं

आमची पहिली चूक हीच. मार्क चांगले, उलट बोलत नाही, क्लासहून वेळेवर येतो, म्हणून राहील. पण यातलं रात्रीशी संबंधित काय आहे? दिवसा एकटं राहणं वेगळं. दुपारी जिन्यात वर्दळ असते, शेजारी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. रात्री दोनला तेच घर परकं वाटतं. फ्रिजचा आवाज मोठा होतो, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी दचकायला होतं.

त्यामुळे तुमचं मूल शहाणं आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवा आणि साध्या गोष्टी बघा. अंधारात मेन स्विच सापडतो का? रात्री झोपण्यापूर्वी गॅस आणि दार न सांगता तपासतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही बिघडलं, काही फुटलं, तर ते आपणहून येऊन सांगतं की लपवतं?

"उगाच फोन करू नकोस"

निघताना मी हे वाक्य बोलले होते. "तिथे गडबड असेल, आता मोठा झालास, उगाच फोन करू नकोस." त्या रात्री दहाला मी फोन केला, तो म्हणाला, "सगळं ठीक आहे." मी निश्चिंत झोपले.

खरं काय झालं ते महिन्याभराने, बोलता बोलता कळलं. सव्वाअकराला कुणीतरी दोनदा बेल वाजवली. जेवणाचं पार्सल घेऊन आलेला मुलगा होता, फ्लॅट चुकला होता. पण आमचा मुलगा इतका घाबरला की त्याने बेलचं बटण बंद केलं, वरची कडी घातली, सगळे दिवे लावले आणि हॉलमध्ये भिंतीला टेकून साडेतीनपर्यंत जागा राहिला. मग फोन तिथेच ठेवून आत जाऊन मेल्यासारखा झोपला. पहाटे बेल का वाजली नाही, फोन का उचलला गेला नाही, याचं उत्तर माझ्याच त्या एका वाक्यात होतं.

निघताना उलट सांगा: "रात्री तीनला वाटलं तरी फोन कर. साध्या आवाजासाठीही कर. आम्ही रागावणार नाही." आणि खरोखरच रागावू नका. मुलग्यांच्या बाबतीत हे जास्तच सांभाळावं लागतं. "मुलगा असून घाबरतोस?" हे ज्याने लहानपणापासून ऐकलंय, तो भीती वाटली तरी सांगणार नाही. मुलींना घरातले आधीच चार गोष्टी समजावतात, मुलग्यांना गृहीत धरतात.

कडी, किल्ली आणि दार

रात्री दाराला लॅच असावं, सेफ्टी डोअरला कुलूप असावं, पण बाहेरून उघडणारच नाही अशी कडी लावायची का, हे आधी ठरवा. मूल आत तापाने फणफणलं किंवा बाथरूममध्ये पडलं, तर आत कोण आणि कसं जाणार? आतून किल्ली कुलपातच अडकवून ठेवली तर बऱ्याच कुलपांत बाहेरची किल्ली चालत नाही, हेही दाखवून द्या. एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे ठेवा. कचरा ठेवायला बाहेर गेलं आणि मागे लॅच लागलं, तरी ती किल्ली कामाला येते.

बेल वाजली तर दार उघडायचं नाही, आतून विचारायचं. "आईबाबा घरी नाहीत" असं म्हणायचं नाही. त्या रात्री बाहेरून काही मागवायचंच नाही, डबा करून ठेवा.

शेजारी आहेतच, असं धरून चालणं

आहेत, पण त्यांना सांगितलंय का? त्या रात्री ते स्वतः घरी आहेत का? एका मोठ्या माणसाला तोंडावर सांगा, "आज रात्री तो एकटा आहे, तुमचा फोन चालू ठेवा." दहा-पंधरा मिनिटांत पोहोचेल असा माणूस नसेल, तर बेत बदला. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र हे टाकू नका. आणि प्रवासाचे फोटो स्टेटसला परत आल्यावर टाका. मूल घरात एकटं आहे हे चारशे लोकांना कळायची गरज नाही.

नंबर फोनमध्ये आहेत म्हणून कागद न लिहिणं

फोनची बॅटरी जाते, घाबरल्यावर नावं आठवत नाहीत. फ्रिजवर कागद लावा: शेजारी, जवळचे नातेवाईक, डॉक्टर, तातडीच्या मदतीला ११२, अॅम्ब्युलन्सला १०८, गॅसगळतीला १९०६. खाली घराचा पूर्ण पत्ता, जवळच्या खुणेसकट. आपला पत्ता सलग सांगता न येणारी दहावीतली मुलं मी पाहिली आहेत.

गॅसचं तोंडी सांगून भागत नाही. हात धरून करून घ्या. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, कुठल्याही स्विचला हात नाही, चालू असलेला बंद करायलासुद्धा नाही. मग बाहेर जिन्यात जाऊन फोन. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून वास कमी झाला तरी लगेच आत यायचं नाही. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर त्या दिवशी तो बंदच ठेवा. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

आणि पाणी. संध्याकाळी पाणी गेलेलं असताना नळ उघडा राहिला, की पहाटे पाणी आल्यावर घरात तळं होतं. झोपण्यापूर्वी सगळे नळ बघायची सवय लावा.

धाकट्याला मोठ्याच्या गळ्यात बांधणं

दोघं आहेत म्हणजे सोबत आहे, हा हिशेब चुकीचा आहे. आठ वर्षांच्या भावाला रात्री उलटी झाली तर १६ वर्षांच्या ताईने काय करायचं? स्वतः एकटी राहण्यापेक्षा हे कितीतरी अवघड काम आहे. धाकट्याला बरोबर घेऊन जा.

जेव्हा ठेवायचंच नाही

दमा वरचेवर उफाळतो, फिट येतात, टाइप १ मधुमेह आहे आणि झोपेत साखर उतरण्याची भीती आहे, तर घरात मोठं माणूस हवंच. मूल गेले काही दिवस गप्प आहे, जेवत नाही, रडतंय, निकालाने खचलंय, तरीही नाही. अशा वेळी लग्न चुकलं तर चुकू द्या. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, तो स्वतःजवळही असू द्या. आणि मूल "नको" म्हणालं, तर तिथेच विषय संपला.

पहिलीच रात्र लांबच्या गावची ठेवणं

ही आमची शेवटची चूक. ती आम्ही पुढे सुधारली. तीन महिन्यांनी आम्ही दोघं मुद्दाम कोथरूडला नणंदेकडे राहायला गेलो, घरापासून वीस मिनिटांवर. जाण्याआधी दोन संध्याकाळी त्याच्याकडून दार, मेन स्विच, रेग्युलेटर सगळं करून घेतलं होतं.

रात्री साडेबाराला त्याचा फोन आला. "आई, किचनमध्ये गॅससारखा घाण वास येतोय. मी रेग्युलेटर बंद केलाय, खिडक्या उघडल्यात, दिवा लावला नाही. जिन्यात उभा आहे." हे लगेच गाडी काढून गेले. सिलिंडरपाशी काहीच नव्हतं. ओट्याखालच्या टोपलीत, कांद्यांच्या तळाशी एक बटाटा सडून पाणी झाला होता. यांनी तो टाकला, टोपली बाहेर ठेवली, "बोलावलंस ते फार बरं केलंस" म्हणून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "थांबू का?" तो म्हणाला, "नको बाबा, राहतो मी." दीड वाजता माझ्या फोनवर त्याचा मेसेज आला: नळ बघितले, लॅच लावलं, कडी नाही लावली, झोपतोय.