विवाह नोंदणी करताना या चुका टाळा

भाचीच्या लग्नाची नोंदणी करायला आम्ही सगळे गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी आधार कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी शेजारी ठेवला. आधारवर दीपालीच्या 'दी'ला डबल ई, दाखल्यावर आय. अर्ज परत. साक्षीला नाशिकहून रजा टाकून आलेला मामाही आल्या पावली गेला.

म्हणून पहिलं काम हे: वधू, वर आणि साक्षीदार यांची सगळी कागदपत्रं एका टेबलावर मांडा आणि प्रत्येक नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. मधलं नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं. चूक असेल तर आधी ती दुरुस्त करा, मगच तारीख घ्या. प्रमाणपत्रावर चुकीचं नाव छापून आलं की पुढे व्हिसा, बँक, वारसाहक्क, सगळीकडे तेच नडतं.

दुसरी चूक दिरंगाईची. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानुसार लग्नानंतर 90 दिवसांत नोंदणी करायची असते. मुदत उलटली तरी नोंदणी होते, पण जास्तीचं शुल्क पडतं. नोंदणी राहिली म्हणून लग्न अवैध ठरत नाही, एवढं मात्र घाबरलेल्या आईवडिलांना सांगा. अर्जावर तीन साक्षीदार लागतात. ऐनवेळी एक जण आला नाही की खेप फुकट, तेव्हा चौथा माणूस तयार ठेवा. लग्नपत्रिका जपून ठेवा. घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रत आणि पहिला जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला विसरू नका.

कोर्ट मॅरेज म्हणतात ते खरं तर कोर्टात होत नाही, विवाह अधिकाऱ्यासमोर होतं. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी नोटीस द्यावी लागते, तीही दोघांपैकी एक जण किमान 30 दिवस राहत असलेल्या जिल्ह्यात. नोटिशीनंतर 30 दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लावायचं. लोक हॉल आधी बुक करतात आणि नोटिशीचं मग आठवतं. क्रम उलटा ठेवा.

सगळ्यात धोक्याची चूक मात्र वेगळी आहे. व्हिसासाठी घाई असते, म्हणून काही जण 'आधी सर्टिफिकेट घेऊ, विधी नंतर करू' असं ठरवतात. हिंदू विवाह कायद्याखाली हे चालत नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही. विधी नको असतील तर विशेष विवाह कायद्याचा रस्ता मोकळा आहे, तो धरा. एजंटच्या शब्दावर कशावरही सही करू नका.

प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून वाचा. दोघांची नावं, लग्नाची तारीख, ठिकाण. दीपालीचं दुसऱ्या खेपेला मिळालं, तेव्हा तिने जिन्यात थांबून ते दोनदा वाचलं आणि मगच पिशवीत घातलं.