इंजिन आणि क्लचमधील कुरकुर : निदान करताना या चुका टाळा

बॉनेटखालून चीं-चीं असा आवाज येऊ लागला की अनेक जण आधी फॅन बेल्ट बदलतात आणि तरीही आवाज थांबला नाही की क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरवायला परवानगी देऊन मोकळे होतात. हा क्रम खर्चिक आहे आणि बहुतेक वेळा अनावश्यकही. आवाज नेमका कोणत्या क्षणी सुरू होतो आणि कोणत्या क्षणी थांबतो याकडे नीट लक्ष दिले, तर दोष कोणत्या भागात आहे हे पुष्कळदा एकही नट न सोडवता कळते.

हमखास वगळली जाणारी तपासणी सर्वांत सोपी आहे. इंजिन पूर्ण बंद ठेवून क्लचचे पेडल सावकाश दाबावे आणि सोडावे. इंजिन बंद असतानाही कुरकुर ऐकू आली, तर फिरणाऱ्या कोणत्याही बेअरिंगचा तिच्याशी संबंध नसतो. पेडलच्या खिळीचे बुश (खिळीभोवतीची नळी), पेडलची स्प्रिंग, कोरडी पडलेली क्लच केबल किंवा गिअरबॉक्सवरचा क्लच फोर्क (क्लच सोडवणारा दांडा) यांपैकी काहीतरी घासत असते. दुसऱ्या व्यक्तीला पेडल दाबायला सांगून आधी पायांजवळ आणि मग बॉनेटखाली कान दिला की जागा सापडते. दोष पेडलपाशीच निघाला तर बुश साफ करून ग्रीस लावण्याने काम भागते.

त्यानंतर गाडी सपाट आणि मोकळ्या जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करावे. आवाज पेडल दाबल्यावरच येत असेल आणि दाब वाढेल तसा वाढत असेल, तर रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर, संशय घ्यावा. याउलट, पेडल सोडलेले असताना घरघर येते आणि ते पूर्ण दाबल्यावर क्षणभरात थांबते, असे असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग तपासायला हवे, कारण पेडल वर असताना तो शाफ्ट इंजिनबरोबर फिरत असतो आणि क्लच सुटला की थांबतो. इथेच सर्वाधिक गफलत होते. पेडलवर पाय नुसता टेकवला, म्हणजे क्लच सुटण्याच्या कितीतरी आधी, तेवढ्यानेच आवाज गेला, तर गिअरबॉक्सला दोष देऊ नये. हायड्रॉलिक (केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचच्या अनेक गाड्यांत रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या, बोटांना कायम हलके टेकलेले असते आणि त्यावर नीट दाब नसला की ते किंवा त्याचा फोर्क कुरकुरतो. पायाचा थोडासा भार पडताच तो आवाज थांबतो. हलक्या स्पर्शाने थांबणारा आवाज आणि पेडल तळाशी गेल्यावरच थांबणारा आवाज यांतला हा फरक मेकॅनिकला स्पष्ट शब्दांत सांगावा, कारण एका निदानात क्लचचे काम होते आणि दुसऱ्यात गिअरबॉक्स खोलावा लागतो.

बोर घाटात किंवा खंबाटकीच्या चढावर वाहतूक तुंबली की अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. त्यात रिलीज बेअरिंग सतत भाराखाली फिरत राहते आणि क्लच प्लेटही घासते; अशा वेळी हँडब्रेक वापरणे हाच योग्य उपाय आहे. बेअरिंग बदलायची वेळ आलीच, तर केवळ तेवढेच बदलून पैसे वाचवू नयेत. मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो, त्यामुळे झिजलेली क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे ठरते.

पेडलच्या कोणत्याही स्थितीत आवाज तसाच राहत असेल, तर तो इंजिनच्या पुढच्या बाजूचा समजावा. सकाळी स्टार्ट केल्यावर किंवा एसी आणि हेडलाइट लावल्यावर येणारी कर्कश किंकाळी बहुधा घसरणाऱ्या बेल्टची असते, कारण त्या वेळी अल्टरनेटरवर भार जास्त पडतो. या बेल्टवर तेलकट स्प्रे मारणे ही फार पसरलेली आणि घातक चूक आहे. आवाज काही काळ दबतो, पण रबर खराब होते आणि घसरणे वाढते. त्याऐवजी चालू इंजिनात सुरक्षित अंतरावरून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारून पाहावा. आवाज काही सेकंद जाऊन परत आला, तर पुली एका रेषेत नसल्याची शक्यता असते. लगेच वाढला, तर बेल्ट सैल आहे किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) कमजोर झाला आहे असे समजावे. हल्लीच्या बेल्टना झिजूनही भेगा पडतीलच असे नाही, म्हणून भेगा नाहीत एवढ्यावरून बेल्ट चांगला ठरवू नये. बेल्टवर तेल किंवा कूलंट गळत असेल तर गळती आधी बंद करावी, अन्यथा नवा बेल्टही काही दिवसांत ओरडू लागतो.

बेल्टचा दोष नसेल, तर इंजिन बंद करून बेल्ट काढावा आणि टेन्शनर, आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली) व अल्टरनेटरची पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर किंवा डगमग जाणवली की ते बेअरिंग गेले. बेल्ट काढून इंजिन चालवून पाहायचे असेल तर काही सेकंदांपुरतेच चालवावे, कारण त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर कूलंट फिरणे बंद होते. काही इंजिनांत मात्र वॉटर पंप टायमिंग बेल्टवर (झडपांची वेळ सांभाळणाऱ्या, आवरणाखालच्या बेल्टवर) चालतो. तिथे पंपाचा आवाज बाहेरचा बेल्ट काढूनही राहतो. टायमिंग बेल्टला घरी हात लावू नये. चालू इंजिनजवळ वाकताना ओढणी, सैल बाह्या आणि मोकळे केस पुलीपासून दूर ठेवावेत.

थंड इंजिनातच येणारा आवाज गॅरेजपर्यंत पोहोचेतो नाहीसा होतो आणि मेकॅनिकला अंदाजाने काम करावे लागते. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये लावून यावी, म्हणजे सकाळचा पहिला स्टार्ट त्याला स्वतः ऐकता येतो.