गावच्या जुन्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय? या चुका टाळा

देवळासाठी देणगी मिळते ती दिसणाऱ्या कामाला. नवी फरशी, उंच कमान, चकचकीत रंग आणि कोनशिलेवर नाव. तुंबलेली पन्हाळी मोकळी करायला किंवा दरजांतला वाहून गेलेला चुना भरायला पावती फाडणारा सहसा भेटत नाही. आपल्याकडच्या जुन्या देवळांचं बरंचसं नुकसान इथूनच सुरू होतं. म्हणून विश्वस्तांनी वर्गणी गोळा करण्याआधीच ठराव करून घ्यावा: पहिला पैसा पाण्याच्या निचऱ्याला, सजावट नंतर.

ओल दिसली की सिमेंट

मराठेशाहीत बांधलेल्या अनेक देवळांची शिखरं विटा-चुन्याची आहेत. भिंतीच्या तळाला पांढरा लोणा लागतो, पोपडे सुटतात, आणि गवंडी सिमेंटचा गिलावा करून मोकळा होतो. पहिला पावसाळा बरा जातो. मग ओल गिलाव्याच्या वरच्या कडेला उमटते आणि आतल्या विटांचा भुगा व्हायला लागतो. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंट मात्र ती आत कोंडून ठेवतं.

खरं कारण बहुतेकदा भिंतीत नसतं, जमिनीत असतं. आवारात थरावर थर काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक पडत गेले, जोतं बुडालं, उतार भिंतीकडे झाला. ते थर काढा, पाण्याला वाट द्या, एक पूर्ण उन्हाळा भिंत सुकू द्या आणि मगच गिलाव्याला हात घाला. चुना आधी भिजवून नीट मुरवलेला हवा. गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी त्यात घालण्याची रीत आहे, पण प्रमाण ठिकाणागणिक बदलतं, म्हणून आधी हातभर जागेवर नमुना करून पाहावा. गिलाव्यावर ओलं गोणपाट ठेवून तो सावकाश वाळू द्यावा लागतो. ‘जत्रेच्या आत काम संपवा’ हा आग्रह इथे घातक ठरतो.

सिन्नरचं गोंदेश्वर किंवा खिद्रापूरचं कोपेश्वर यांसारख्या मंदिरांची गोष्ट वेगळी. घडीव दगड एकमेकांत बसवून, मुख्यतः स्वतःच्या वजनावर तोललेलं हे बांधकाम. असं मंदिर गावात असेल तर सांध्यांत सिमेंटचं पाणी ओतू नका, वर स्लॅब तर मुळीच टाकू नका. भार जिथून खाली उतरतो ती वाटच त्याने बदलते. तुळई तडकली असेल तर लाकडी टेकू द्या आणि वास्तुजतनाचं काम केलेल्या अभियंत्याला बोलवा. घरं बांधणारा ठेकेदार कितीही भला असला तरी हे काम त्याचं नाही.

ऑइलपेंट, आणि मग सँडब्लास्टिंग

ऑइलपेंटने कोरीव काम बुजतं, दगडावर कातडं चढतं. पण तो काढण्यासाठी वाळूचा मारा करणं हे त्याहून वाईट. रंगासोबत दगडाचा वरचा थरही जातो, मूर्तीचे डोळे-बोटं बोथट होतात आणि ते परत आणता येत नाहीत. आम्लाचंही तेच. रसायनतज्ज्ञाकडून लेप लावून, मऊ ब्रशने, हळूहळू रंग उतरवता येतो. २०२४ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात जतनाचं काम झालं, तेव्हा नंतर बसवलेल्या फरश्या आणि आवरणं काढून मूळ दगड मोकळा केला गेला. आपल्या गावात निदान नवी आवरणं चढवायची तरी थांबवूया.

शिखरावर उगवलेला पिंपळ उपटू नका. मुळांसोबत दगड निघतात. रोप लहान असतानाच कापावं, मूळ मारावं, सांधा चुन्याने भरावा.

‘अडगळ’ हलवताना

वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड), सतीशिळा, फुटकी मूर्ती, अक्षरं असलेला चिरा यांतलं काहीही फोटो काढून आणि जागा लिहून ठेवल्याशिवाय हलवू नका. अंबरनाथचं शिवमंदिर इ.स. १०६० चं आहे हे आपल्याला कळलं ते तिथल्या शिलालेखामुळे. असा चिरा पायरीत उलटा बसवला की गावाचा लेखी पुरावाच गेला.

कुलूप लावून ठेवणं

देऊळ जपायचं म्हणून काकडा ते शेजारती एवढंच उघडायचं, हीही चूकच. सप्ताह, कीर्तन, पंगत, तंट्याची बैठक, वाटसरूचा मुक्काम हे सगळं सभामंडपात आणि ओवऱ्यांत होत आलं आहे. ओवरीत वाचनालय किंवा मुलांची अभ्यासिका चालवा, बचतगटाला बसू द्या. रोज माणसं वावरली की गळती पहिल्या सरीलाच कुणाच्या तरी डोळ्यांत येते. फक्त त्यासाठी खांबांना भोकं पाडू नका, वायरिंग खांबांपासून दूर ठेवा, संडास आणि पाण्याची टाकी जोत्यापासून लांब बांधा. आवारातली बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, बुजवू नका. गाळ काढला तर अनेकदा तिला पुन्हा पाणी लागतं.

परवानगीचं मात्र आधी पाहा. देऊळ केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित असेल, तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. भक्तनिवासाचा आराखडा काढण्याआधी हे अंतर मोजून घ्या.